एकांडा शिलेदार : प्रा. र. धों. कर्वे

कर्वे हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे महर्षी अण्णा उभे राहतात. हिंगण्याची झोपडी, विधवांचा आश्रम, स्त्रियांचे विद्यापीठ, शंभर वर्षांचे आयुष्य आणि १९५८ साली मिळालेली भारतरत्न ही पदवी, हे सारे शाळकरी मुलांनासुद्धा पाठ असते. त्यांच्या थोरल्या मुलाचे नाव घेतले, तर मात्र पुष्कळ सुशिक्षित माणसेही क्षणभर थबकतात. काहींना ते नाव मुळीच ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते त्यांतले काही जण ते घेताना अजूनही आवाज खाली आणतात. त्या मुलाविषयी, म्हणजे कै. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्याविषयी, आज चार शब्द लिहावेत असे मनात आहे.

मी गणिताचा शिक्षक आहे आणि बालाघाटच्या एका महाविद्यालयात माझी उभी हयात गेली आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांना बालाघाट म्हणजे राज्याचे दुसरे टोक. वैनगंगेच्या काठचा हा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा शेजारचा भंडारा तिकडे गेला आणि आम्ही इकडे राहिलो. त्यामुळे आमच्या घरात मराठी, वर्गात हिंदी आणि बाजारात पोवारी अशी तिहेरी वहिवाट चालते. कर्व्यांचे चरित्र मला जवळचे वाटते याचे पहिले कारण तेही गणिताचेच मास्तर होते, हे. दुसरे कारण माझ्या विद्यार्थ्यांशी निगडित आहे. ते ओघात येईलच.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणात मुरूडला झाला. आईचे नाव राधाबाई. १८९१ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून अण्णा फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायला पुण्यास आले आणि त्याच वर्षी राधाबाई बाळंतपणात वारल्या. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्या काळी बाळंतपणात बायका मरत, घरोघरी मरत, आणि लोक कपाळाला हात लावून तो दैवाचा भाग समजत. नऊ वर्षांच्या मुलाच्या मनात त्या मरणाने काय घर केले असेल हे सांगायला आज कोणी नाही. मात्र पुढे या माणसाने ज्या एका प्रश्नापायी नोकरी, पैसा नि लौकिक यांवर पाणी सोडले, तो प्रश्न त्याच्या घरात इतक्या लवकर येऊन गेला होता, एवढे चरित्र वाचताना ध्यानात ठेवावेसे वाटते.

दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, अण्णांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. सुधारणा म्हणजे काय आणि तिची किंमत कशा नाण्यात चुकवावी लागते, याचा धडा रघुनाथाने असा अकराव्या वर्षीच घेतला.

मुलगा मोठा हुशार. न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. १९०४ साली फर्ग्युसनमधून बी. ए. झाला. गणित हा विषय घेतला, पुढे प्राध्यापकी केली. १९१९ च्या सुमारास उच्च गणिताच्या अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. फ्रेंच भाषा त्यांना उत्तम येऊ लागली. परत आले ते गणिताची पदवी आणि डोक्यात पक्का झालेला एक विचार, असे दोन्ही घेऊन.

तो विचार थोडक्यात असा होता : मूल व्हावे की न व्हावे, केव्हा व्हावे आणि किती व्हावीत, हे ज्यांना ते होणार त्यांनी ठरवावे; आणि ठरवण्याचे साधन हाती असेल तरच त्या ठरवण्याला अर्थ आहे. बाईच्या बाबतीत तर हा तिच्या प्रकृतीचा आणि प्राणाचा प्रश्न. कर्वे तेवढ्यावरही थांबले नाहीत. कामसुख हे पुरुषाइतकेच स्त्रीचेही आहे, ते घेताना तिच्या डोक्यावर गर्भाची टांगती तलवार असू नये, असे ते उघड म्हणत. १९२० च्या आसपासच्या मुंबई-पुण्यात हे म्हणणे म्हणजे भर सभेत विंचवांचा पेटारा उघडण्यासारखे होते.

त्यांच्या पत्नी मालतीबाई. या दांपत्याने आपल्याला मूल नको असे ठरवले आणि रघुनाथरावांनी स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतली. लोकांना सांगायचे ते आधी स्वतःच्या देहावर, असा हा मनुष्य. मालतीबाईंनी नुसती संमती दिली असे नव्हे, तर या कामात त्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. पुढे नवऱ्याची मिळकत तुटपुंजी झाली तेव्हा घर चालवण्याचा मोठा भार त्यांनीच उचलला. सुधारकांच्या चरित्रांत बायकोला एका ओळीत आटोपण्याची आपल्याकडे रीत आहे. या चरित्रात ती रीत पाळली तर अन्याय होईल.

१९२१ साली कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. देशातले हे पहिले केंद्र मानले जाते. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपला दवाखाना उघडला होता, आणि त्याआधी १९१६ साली मार्गारेट सँगर यांनी न्यूयॉर्कमध्ये असे केंद्र काढून तुरुंगवास पत्करला होता. म्हणजे गिरगावच्या चाळींत वावरणारा हा गणिताचा मास्तर जगातल्या पहिल्या तीन-चार लोकांच्या रांगेत बसतो. १९२३ साली त्यांचे संततिनियमनावरचे मराठी पुस्तक निघाले. त्या काळी गोळ्या नव्हत्या, तांबी नव्हती; रबरी टोपी, निरोध, औषधी वड्या अशी मोजकीच साधने होती. कोणते साधन कसे वापरावे, कोणते कितपत खात्रीचे, कोणते निव्वळ भोंदूपणाचे, हे त्यांनी प्रमेय सोडवावे तसे पायरीपायरीने मांडले.

विल्सन महाविद्यालयात ते तेव्हा शिकवीत होते. महाविद्यालय मिशनऱ्यांचे, त्यांना हा प्रचार रुचणे शक्य नव्हते. प्रचार सोडा किंवा नोकरी सोडा, असा पेच पडला आणि कर्व्यांनी नोकरी सोडली. पगाराची नोकरी नि तीही प्राध्यापकीची, त्या दिवसांत काय मोलाची असे हे सांगायला नको. सनातनी हिंदूंचा त्यांच्यावर रोष होताच. त्यात मिशनऱ्यांची भर पडली. दोन धर्मांचे कर्मठ एका बाबतीत एकमताचे झाले, हा योग दुर्मीळच म्हणायचा.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांनी देह ठेवला तोवर, म्हणजे सव्वीस वर्षे, ते अखंड चालले. लिहिणारे बहुतांशी तेच, मुद्रिते तपासणारे तेच, पदरमोड करणारेही तेच. लैंगिक शिक्षण, गुप्तरोग, वेश्याव्यवसाय, विवाहसंस्था, बुवाबाजी, कशालाच तेथे मज्जाव नव्हता. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र असे, त्यामुळे मासिक चोरून वाचणारे पुष्कळ आणि वर्गणी भरणारे थोडे. त्यातला खरा जीव होता वाचकांच्या पत्रांत. जे प्रश्न बापाला, भावाला, वैद्याला विचारता येत नसत, ते लोक या मासिकाला विचारीत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरे देत. उपदेश नाही, दटावणे नाही. शरीरात काय घडते ते सांगायचे, भीती निराधार असेल तर तसे लिहायचे आणि पुढच्या पत्राकडे वळायचे.

याच उत्तरांनी त्यांना कोर्टात नेले. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १०० रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा अटक झाली. या खेपेस आक्षेप होता तो हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. हा खटला कर्व्यांच्या बाजूने चालवला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. गोलमेज परिषदा गाजवून आलेले, अस्पृश्यांच्या लढ्यात आकंठ बुडालेले बाबासाहेब एका बदनाम मासिकाच्या संपादकासाठी उभे राहिले, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असेल. त्यांचा मुद्दा साधा होता : मासिक लैंगिक प्रश्नांना वाहिलेले आहे, वाचक अज्ञानापोटी प्रश्न विचारतो, आणि लैंगिक विषयावरचे लेखन केवळ त्या विषयामुळे अश्लील ठरत नाही. उत्तरच द्यायचे नाही म्हटले तर मासिक बंद करावे लागेल. कोर्टाला हे पटले नाही. २४ एप्रिल १९३४ रोजी निकाल विरुद्ध गेला आणि २०० रुपये दंड झाला. आज नव्वदहून अधिक वर्षांनी ते युक्तिवाद वाचताना, हरलेली बाजूच काळाच्या पुढे होती, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या मुलखात बसून लिहिताना एक प्रसंग वगळता येत नाही. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर बाई वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. नवऱ्याला नकार देण्याचा हक्क बाईला असावा हे गांधीजींना मान्य होते. पण संततिनियमनाची कृत्रिम साधने त्यांना मान्य नव्हती, संयम हाच त्यांचा मार्ग. देशातला सर्वांत वजनदार आवाज असा विरुद्ध बाजूला असताना कर्वे ब्रह्मचर्याच्या त्या कल्पनेवर एकट्याने टीका करीत राहिले. दुसरीकडे म्हैसूर संस्थानने १९३० सालीच सरकारी इस्पितळांतून संततिनियमनाची केंद्रे उघडली होती. ब्रिटिश मुलखात जो विचार कोर्टात दंड भरीत होता, त्याला एका संस्थानी दरबाराने आधीच मानाने आत घेतले होते. संस्थानी मुलखातल्या वाचकांनी अभिमानाने ध्यानी ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

स्वातंत्र्य आल्यावर १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तीस-एकतीस वर्षे ज्याच्यासाठी शिव्या खाल्ल्या ते सरकारी धोरण झालेले कर्व्यांनी पाहिले आणि पुढच्याच वर्षी, ७१ व्या वर्षी, ते गेले. मालतीबाई त्यांच्या आधीच गेल्या होत्या. पंचाण्णव वर्षांच्या अण्णांना थोरल्या मुलाचे मरण पाहावे लागले. ते पुढे १९६२ पर्यंत हयात होते. बापाच्या वाट्याला देशाचा सर्वोच्च सन्मान आला, मुलाच्या वाट्याला बराच काळ विस्मरण. अलीकडे त्यांच्या आयुष्यावर अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' हा चित्रपट आला आणि 'समाजस्वास्थ्य' याच नावाचे नाटकही रंगभूमीवर आले. त्यामुळे नव्या पिढीला नाव तरी ऐकू आले.

कर्व्यांचा गौरव करताना त्यांचे दोष झाकण्याचे कारण नाही. त्यांची लेखणी तिखट होती आणि ती मित्र-शत्रू पाहत नसे. थोडे नमते घेतले असते तर चार जाणती माणसे त्यांच्या पाठीशी उभी राहिली असती, असे म्हणायला जागा आहे. मुखपृष्ठावरच्या चित्रांनी जितके वाचक मिळवले त्याहून अधिक दुरावले असावेत. पण तडजोड त्यांच्या पिंडात नव्हती. गणितात उत्तर अर्धे बरोबर नसते, ही त्यांची वृत्ती सर्वत्र होती.

आता माझ्या विद्यार्थ्यांचे. कर्व्यांच्या मरणाला सत्तर वर्षे उलटून गेली. सरकारच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात संततिनियमनाच्या एखाद्या तरी साधनाचे नाव जवळजवळ प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि विवाहित जोडप्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जोडपी कोणता ना कोणता उपाय वापरतात. आकडे पाहून कोणालाही वाटेल की कर्वे जिंकले. पण त्याच पाहणीत पुढे वाचावे. बायकांची शस्त्रक्रिया हा उपाय शेकडा ३७.९ जोडप्यांत आहे. पुरुषांची शस्त्रक्रिया शेकडा ०.३. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी, पोट न उघडता होणारी, तरी हे प्रमाण. जो उपाय प्राध्यापकाने शंभर वर्षांपूर्वी स्वतःवर करून घेतला, तो आज हजारांत तीन घरांत आहे.

याला एक ऐतिहासिक कारणही आहे. आणीबाणीत, १९७६-७७ च्या एका वर्षात, सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली आणि तीत सक्तीचा वाटा मोठा होता. तेव्हापासून तो शब्दच खेड्यापाड्यांत धसका घेण्याजोगा झाला. कर्व्यांच्या नावावर हे पाप मांडता येणार नाही. त्यांचा सारा भर माणसाच्या स्वतंत्र इच्छेवर होता. सरकारने आकड्यांचे लक्ष्य ठरवून लोकांना धरून आणावे, हे त्या विचाराच्या उलट टोकाचे.

आमच्या वर्गातली मुले-मुली अठरा ते बावीस वर्षांची. त्यांतल्या बहुतेकांनी बारावीला जीवशास्त्र घेतलेले नसते. ज्यांनी घेतले त्यांना प्रजनन-आरोग्याचा धडा घरी वाचून घ्या असे सांगितलेले असते. मोबाइलवर हवे ते दिसते, पण जे दिसते त्यात खरे किती हे सांगणारा कोणी नसतो. औषधाच्या दुकानात जावे तर दुकानदार वडिलांच्या ओळखीचा. आमच्या गावात सगळेच सगळ्यांच्या ओळखीचे. मग मैत्रिणीने सांगितलेली बहात्तर तासांची गोळी एवढेच ज्ञान उरते. ती गोळी अडीअडचणीसाठी आहे, नेहमीचा उपाय म्हणून नाही, आणि रोगापासून ती मुळीच वाचवीत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुलगे विचारतात ते वेगळेच : नसबंदीने माणूस अशक्त होतो का? हे कर्व्यांच्या काळापासूनचे भय. बीजवाहक नळी बंद होते, बाकी शरीराचे, शक्तीचे, इच्छेचे काहीही बदलत नाही. फक्त सुरुवातीचे तीनेक महिने दुसरे साधन वापरावे लागते आणि मग तपासणी करून खात्री करावी लागते, एवढेच. फळ्यावर हे समजावायला मला पाच मिनिटे लागली. पण इतकी वर्षे त्यांना ती पाच मिनिटे कोणी दिली नव्हती.

एका विद्यार्थिनीची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. नाव-गाव देत नाही. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी लग्न झाले. गणितात माझ्या पाहण्यातल्या पहिल्या दहांत बसेल अशी ती मुलगी. शेवटच्या वर्षाची परीक्षा द्यायला आली तेव्हा मांडीवर चार महिन्यांचे मूल होते. मला तिने आकडेमोडीच्या दोन शंका विचारल्या; खरी शंका विचारली ती आमच्या घरी, स्वयंपाकघरात, आमच्या मंडळींना. दुसरे मूल इतक्यात नको होते, एम. एस्सी. करायची होती. पण तिच्या समजुतीप्रमाणे दोन मुले झाल्यावर ऑपरेशन करायचे असते आणि त्याआधी करण्यासारखे काही नसते. तिच्या आईने तेच केले होते, सासूनेही तेच. सरकारी इस्पितळात तांबी फुकट बसते, तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन आहे, 'छाया' ही संप्रेरकाशिवायची गोळी आपल्याच लखनौच्या संशोधनशाळेत तयार झालेली आहे, आणि ही दोन्ही २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आहेत, यांतले एक अक्षर तिच्या कानावर आलेले नव्हते. विकलन-संकलन कोळून प्यालेली मुलगी आणि स्वतःच्या देहाविषयी इतकी अंधारात! मंडळी तिला घेऊन स्त्री-डॉक्टरकडे गेल्या. नवऱ्यालाही बोलावून घेतले. तो भला निघाला, त्यालाही कोणी काही सांगितलेच नव्हते.

जनगणनेच्या दृष्टीने आमचा बालाघाट भाग्यवान म्हणायचा; २०११ च्या शिरगणतीत येथे हजार पुरुषांमागे १०२१ बायका होत्या, मध्य प्रदेशात सर्वाधिक. मुलगी येथे नकोशी नाही. तिला शाळेत घालतात, महाविद्यालयात पाठवतात. पण तिला तिच्या शरीराविषयी सांगण्याची वेळ आली की आई मावशीकडे पाहते, मावशी वहिनीकडे, आणि वहिनी लग्नाची वाट पाहायला सांगते. मुलाला तर कोणीच काही सांगत नाही. काही पालक म्हणतात, माहिती दिली की मुले बिघडतील. कर्व्यांनाही हेच ऐकवले जात होते. अज्ञानाने कोणी सुधारल्याचे उदाहरण मात्र मला अजून भेटलेले नाही. शिवाय जे लग्न करतील त्यांना ती लागेलच. आणि आमच्याकडे लग्ने लवकर होतात.

कायदाही पुढे गेला आहे. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि साधन निकामी ठरल्याचे कारण विवाहितेपुरते उरले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेला या कायद्यात दुजाभावाने वागवता येणार नाही असे स्पष्ट केले. कर्व्यांना दंड करणाऱ्या न्यायासनापासून येथवरचा हा प्रवास मोठा आहे. पण न्यायालयाचा निकाल तालुक्याच्या वसतिगृहापर्यंत आपोआप पोचत नाही. तो पोचवायला कोणीतरी लागतो.

म्हणून सुचवायचे ते इतकेच. दर महाविद्यालयाने वर्षातून दोन-तीनदा सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांना बोलवावे. मुलींसाठी स्त्री-डॉक्टर, मुलांसाठी पुरुष-डॉक्टर, आणि एकदा दोघांना एकत्र बसवून. प्रश्न चिठ्ठीवर नाव न घालता लिहू द्यावेत, कारण 'समाजस्वास्थ्य' चालले ते निनावी प्रश्नांवरच. ग्रंथालयात कर्व्यांची पुस्तके कुलपाबाहेर ठेवावीत. त्यांतली साधने जुनी झाली आहेत. ती वाचून कोणी औषधोपचार करू नयेत. पण प्रश्नाला घाबरायचे नाही आणि प्रश्न विचारणाऱ्याला खजील करायचे नाही, हा त्या लेखनातला धडा जुना झालेला नाही. तो मुलांच्या आधी आम्हा मास्तरांनी घ्यायचा आहे.